घरी वाघ, बाहेर शेळी : रिअल सॉल्ट लेकचा २००९चा धडा

फुटबॉलमध्ये घरच्या मैदानाचा लाभ हा नवा विषय नाही. जगातील जवळपास प्रत्येक लीगमध्ये यजमान संघ पाहुण्यांपेक्षा अधिक सामने जिंकतो. परंतु एकाच संघाची दोन रूपे किती भिन्न असू शकतात, याचे ठळक उदाहरण म्हणून अमेरिकेतील रिअल सॉल्ट लेक या संघाच्या २००९च्या हंगामाकडे पाहावे लागते. स्वतःच्या मैदानावर जवळपास अजिंक्य असलेला हा संघ परक्या मैदानावर पाऊल ठेवताच ढेपाळत असे. बाद फेरीच्या उंबरठ्यावर याच दुबळेपणाने त्याला घराबाहेर काढण्याची वेळ आणली होती. पुढे जे घडले, ते मात्र कोणत्याही गणितात बसणारे नव्हते.

युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी या शहराचे प्रतिनिधित्व करणारा हा क्लब मेजर लीग सॉकर या अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धेत २००५ साली उतरला. नाव स्पेनच्या रिअल माद्रिदवरून घेतलेले असले, तरी पहिली काही वर्षे कामगिरी नावाला साजेशी नव्हती. मे २००७मध्ये जेसन क्राइस या खेळाडूने निवृत्ती पत्करून थेट प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतली. तेव्हा त्याचे वय अवघे ३४ वर्षांचे होते. मध्यरक्षक काईल बेकरमन, अर्जेंटिनाचा हाविएर मोरालेस, आघाडीचा रॉबी फिंडली आणि गोलरक्षक निक रिमांडो यांच्याभोवती त्याने संघ बांधला. ऑक्टोबर २००८मध्ये सँडी या उपनगरात वीस हजार प्रेक्षकांचे स्वतःचे स्टेडियम उभे राहिले आणि त्याच मोसमात संघाने प्रथमच बाद फेरी गाठली.

दोन खात्यांचा ताळेबंद

२००९मध्ये लीगमध्ये १५ संघ होते आणि प्रत्येकाने ३० साखळी सामने खेळले. त्यांपैकी १५ घरी आणि १५ बाहेर. रिअल सॉल्ट लेकने घरच्या मैदानावर ९ सामने जिंकले, ५ बरोबरीत सोडविले आणि केवळ एक गमावला. बाहेर मात्र २ विजय, २ बरोबरी आणि तब्बल ११ पराभव अशी स्थिती होती. गुणांच्या भाषेत सांगायचे तर घरी ४५पैकी ३२ गुण मिळाले आणि बाहेर ४५पैकी फक्त ८.

या आकड्यांचा अर्थ समजून घेण्यासाठी एक साधी तुलना पुरेशी आहे. घरच्या गतीने संपूर्ण मोसम खेळला असता, तर संघाचे ६४ गुण झाले असते. त्या वर्षी अव्वल राहिलेल्या कोलंबस क्रूचे गुण होते ४९. याउलट परक्या मैदानावरील गतीने सारे सामने खेळले असते, तर १६ गुण पदरी पडले असते. तळाला राहिलेल्या न्यूयॉर्क रेड बुल्सनेही २१ गुण मिळविले होते. थोडक्यात, एकाच पोशाखात लीगमधील सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट असे दोन संघ खेळत होते.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. विजयांपेक्षा पराभव अधिक असूनही या संघाने ४३ गोल केले आणि ३५ स्वीकारले. जिंकताना अंतर मोठे आणि हरताना अंतर थोडे, असाच याचा अर्थ होतो. संघ बाहेर सातत्याने हरत होता, परंतु तो चिरडला जात होता असे म्हणता येणार नाही. पुढील घटनाक्रम समजण्यास हा फरक महत्त्वाचा ठरतो.

कारणे कोणती?

पहिले कारण भूगोलाचे. अमेरिकेत एका सामन्यासाठी युरोपातील दोन-तीन देश ओलांडण्याइतका प्रवास करावा लागतो. सॉल्ट लेक सिटीहून न्यूयॉर्क तीन हजार किलोमीटरहून दूर आहे. सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी असलेल्या कोलोरॅडो रॅपिड्सचे डेन्व्हर शहरही हवाई मार्गाने सुमारे ६०० किलोमीटरवर आहे. त्यातच त्या काळी लीगचे संघ बहुतांशी सामान्य प्रवाशांच्या विमानांतूनच प्रवास करीत. खास विमानांच्या वापरावर लीगची कडक मर्यादा होती आणि ती २०२०च्या करारानंतर खऱ्या अर्थाने सैल झाली. विमान बदलणे, विमानतळावरील प्रतीक्षा आणि घड्याळातील दोन तासांचा फरक यांचा भार खेळाडूंच्या पायांवर पडतो.

दुसरे कारण उंचीचे. सँडी येथील मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वराइतक्या उंचीवर आहे. विरळ हवेत पाहुण्या खेळाडूंना लवकर धाप लागते आणि चेंडूही काहीसा वेगाने जातो. दक्षिण अमेरिकेतील शंभर वर्षांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अभ्यास करून २००७मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला होता. उंचीतील दर १,००० मीटर फरकामागे यजमानांना सुमारे अर्ध्या गोलाचा फायदा होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा लाभ घरी मिळतो. बाहेर पडताच तो संपतो. त्यामुळे अशा संघाच्या दोन खात्यांतील दरी आपोआप रुंदावते.

तिसरे कारण प्रेक्षकांचे. पण ते वरवर वाटते तसे नाही. प्रेक्षकांचा गोंगाट खेळाडूंपेक्षा पंचांवर अधिक परिणाम करतो, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. स्पॅनिश लीगवरील २००५च्या एका संशोधनात असे दिसले की, यजमान संघ एका गोलने पिछाडीवर असेल तर पंच भरपाईचा वेळ अधिक देतात आणि तो आघाडीवर असेल तर कमी. २०२०मध्ये करोनाच्या साथीमुळे जर्मनीतील बुंडेसलिगाचे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा यजमानांच्या विजयांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले आणि पाहुण्यांना अधिक पिवळी कार्डे मिळण्याचा कलही ओसरला. प्रेक्षक नसतील तर घरही परके होते, हे त्यातून स्पष्ट झाले.

शेवटचा दिवस

त्या वेळच्या नियमानुसार पूर्व आणि पश्चिम विभागांतील प्रत्येकी पहिले दोन संघ आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुण मिळविणारे चार, असे आठ संघ बाद फेरीस पात्र ठरत. २४ ऑक्टोबर २००९ रोजी रिअल सॉल्ट लेकचा अखेरचा साखळी सामना कोलोरॅडो रॅपिड्सशी होता. रिअलचे ३७ गुण होते, कोलोरॅडोचे ४०. विजयाखेरीज दुसरा पर्याय नव्हता. सुदैवाने हा सामना घरी होता. रिअलने तो ३-० असा जिंकला. परिणामी रिअल, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनचा डी. सी. युनायटेड असे तीन संघ ४० गुणांवर एकत्र आले. बरोबरी फोडण्याच्या नियमाने आठवी आणि अखेरची जागा रिअलच्या वाट्याला आली. बाहेरच्या अकरा पराभवांपैकी एखादी जरी बरोबरीत सुटली असती, तर ही टांगती तलवार राहिलीच नसती.

बाद फेरीतील कायापालट

आठव्या क्रमांकामुळे पश्चिमेच्या या संघाला पूर्व विभागाच्या गटात टाकण्यात आले आणि समोर उभा राहिला अव्वल कोलंबस क्रू. दोन सामन्यांच्या या लढतीतील पहिला सामना रिअलने घरी १-० असा जिंकला. ५ नोव्हेंबरला कोलंबसमध्ये मात्र यजमानांनी दोन गोलांची आघाडी घेतली. एकूण गोलसंख्येत रिअल पिछाडीवर गेला आणि मोसमभराची कहाणी पुन्हा घडणार असे दिसू लागले. परंतु मोरालेस, फिंडली आणि अँडी विल्यम्स यांच्या गोलांनी सामना ३-२ असा फिरविला. साखळीत बाहेर केवळ दोन विजय मिळविणाऱ्या संघाने नेमक्या क्षणी परक्या मैदानावर बाजी मारली होती.

पुढचा एकमेव सामना शिकागो फायरच्या मैदानावर होता. अतिरिक्त वेळेनंतरही एकही गोल झाला नाही आणि पेनल्टी शूटआउटमध्ये रिमांडोच्या बचावाच्या बळावर रिअलने ५-४ असा विजय मिळविला. २२ नोव्हेंबरला सिएटलमध्ये अंतिम सामना झाला. समोर डेव्हिड बेकहॅम आणि लँडन डोनोव्हन यांचा लॉस एंजेलिस गॅलॅक्सी होता. माईक मॅगीच्या गोलने गॅलॅक्सीने आघाडी घेतली; उत्तरार्धात फिंडलीने बरोबरी साधली. पुन्हा पेनल्टी शूटआउट, पुन्हा ५-४. डोनोव्हनचा फटका आडव्या खांबावरून गेला, रिमांडोने दोन फटके अडविले आणि रॉबी रसेलने अखेरचा घाव घातला. विजयांपेक्षा अधिक पराभव पदरी असलेला संघ विजेता ठरण्याची लीगच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ होती.

दुखणे बरे झाले होते काय?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. बाद फेरीतील चार सामन्यांपैकी एक विजय घरचा होता. घराबाहेरच्या तीन सामन्यांपैकी निर्धारित वेळेत जिंकलेला सामना एकच. उरलेले दोन बरोबरीत सुटले होते. साखळीत बरोबरी म्हणजे एक गुण आणि दोन गुणांचे नुकसान. बाद फेरीत मात्र बरोबरी म्हणजे जिवंत राहणे. बाहेर थोडक्यात हरणाऱ्या संघाला एका गोलचा बचाव साधला की तो पेनल्टीपर्यंत पोहोचतो आणि तिथे रिमांडोसारखा गोलरक्षक असेल तर पारडे झुकते. साखळी सामने संघाला ‘जिंकता का’ असे विचारतात. बाद फेरी ‘टिकता का’ असे विचारते. रिअलला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते.

याची उलट बाजू पुढच्याच वर्षी दिसली. २०१०मध्ये संघाने खऱ्या अर्थाने दुखण्यावर इलाज केला. घरी १५ सामन्यांत एकही पराभव नाही आणि बाहेर ४ विजय, ७ बरोबरी, केवळ ४ पराभव. आदल्या वर्षीच्या अकरा पराभवांच्या तुलनेत ही प्रगती विलक्षण होती. तरीही बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यावर एफ. सी. डॅलसकडे १-२ असा पराभव झाला, घरी १-१ बरोबरी झाली आणि अधिक चांगला संघ लवकर घरी परतला. एप्रिल २०११मध्ये तर दैवाने अधिकच विचित्र खेळी केली. उत्तर व मध्य अमेरिकेच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम लढतीत रिअलने मेक्सिकोतील मॉन्टेरे येथे २-२ अशी मोलाची बरोबरी मिळविली. पण निलंबित बेकरमनविना खेळताना घरच्याच मैदानावर ०-१ असा पराभव पत्करला. जे मैदान वर्षानुवर्षे किल्ला होते, तेच निर्णायक दिवशी पडले.

दशकानंतर या क्लबने जुनीच कहाणी नव्या रूपात घडविली. २०२१मध्ये अखेरच्या साखळी सामन्यात कॅन्सस सिटी येथे भरपाईच्या वेळेतील गोलने संघाने बाद फेरी गाठली. सिएटलमध्ये १२० मिनिटांत गोलच्या दिशेने एकही फटका न मारता सामना गोलशून्य राखला आणि पेनल्टीवर जिंकला. त्यानंतर कॅन्सस सिटीलाही तिच्याच मैदानावर हरविले. पोर्टलंडमध्ये मात्र ही वाटचाल थांबली.

गोव्याचा अनुभव

भारतीय वाचकांना याचे सर्वांत जवळचे उदाहरण गोव्यात सापडेल. साखळीनंतर बाद फेरीने विजेता ठरविण्याची पद्धत इंडियन सुपर लीगनेही स्वीकारली. २०१९-२०च्या मोसमात एफ. सी. गोवा साखळीत अव्वल ठरला. उपान्त्य फेरीच्या पहिल्या सामन्यात चेन्नईत तो १-४ असा कोसळला. फातोर्डा येथे त्याने ४-२ असा विजय मिळविला खरा. पण एकूण ५-६ अशा फरकाने तो बाहेर पडला. मोसमभराची मेहनत परक्या मैदानावरील नव्वद मिनिटांनी धुऊन नेली.

मेजर लीग सॉकरने आता नियम बदलले आहेत. २०१२पासून अंतिम सामना तटस्थ ठिकाणी न होता साखळीत वरचढ ठरलेल्या संघाच्या मैदानावर होतो. २०१३मध्ये याचा फटका खुद्द रिअललाच बसला. कडाक्याच्या थंडीत कॅन्सस सिटीत झालेला तो अंतिम सामना त्यांनी पेनल्टीवर ६-७ असा गमावला. म्हणजेच घरच्या मैदानाचा हक्क आता साखळीतच कमवावा लागतो.

रिअल सॉल्ट लेकच्या २००९च्या विजेतेपदाला कोणी निव्वळ नशीब म्हणतील, कोणी जिद्द. दोन्हींत तथ्य आहे. परंतु त्यातून निघणारा धडा अधिक साधा आहे. बाहेरचे पराभव मोजताना त्यांची संख्याच नव्हे, तर त्यांचे अंतरही पाहावे. थोडक्यात हरणारा संघ बाद फेरीत धोकादायक असतो. मात्र तिथवर पोहोचण्यासाठी त्याला बाहेरून येणाऱ्या एकेका गुणाचीच गरज असते. रिअलच्या बाहेरच्या खात्यात असे आठच गुण होते. त्यांतला एक जरी कमी पडला असता, तर या विजेतेपदाची गोष्ट सांगायला कोणी उरलेच नसते.