आवाज कुणाच्या मालकीचा? स्वस्त ध्वनिमुद्रणाचा छोटा इतिहास



विद्यार्थ्याला कमी पैशात फिल्म करायची आहे, तर आवाजासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींनी लिहून पाठवला आहे. प्रश्न व्यवहाराचा आहे. पण आपण कुणाच्या अटींवर बोलतो, हा जुना प्रश्नही त्याच्या पोटात आहे. म्हणून थोडं मागून सुरुवात करू.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. भारताचा हा पहिला बोलपट. अर्देशिर इराणींच्या स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, त्यामुळे चित्रण बरंचसं रात्री, गाड्या थांबल्यावर व्हायचं. माइक नटांच्या आसपास लपवून ठेवावे लागत. म्हणजे बघा, आवाजाचा पहिला शत्रू जागा असते. हे आजही तसंच आहे. पंख्याखाली, रस्त्याकडेच्या खोलीत घेतलेला संवाद कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण स्वच्छ करून देत नाही.

पुढे १९५१ मध्ये स्टेफान कुडेल्स्की या पोलिश वंशाच्या अभियंत्यानं स्वित्झर्लंडमध्ये 'नाग्रा' हा टेपरेकॉर्डर बनवला. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'ध्वनिमुद्रण करील' असा होतो. खांद्याला अडकवून नेता येणाऱ्या या यंत्रामुळे आवाज स्टुडिओबाहेर पडला. आपल्याकडे मात्र हलके पण खडखडणारे कॅमेरे आले आणि संवाद नंतर डबिंग करून भरायची रीत पक्की झाली. 'लगान'मध्ये, म्हणजे २००१ साली, चित्रणाच्या वेळचाच आवाज वापरला, तेव्हा त्याची बातमी झाली, एवढी ती गोष्ट विरळ होती.

तिसरा टप्पा संगणकाचा. १९९१ साली डिजिडिझाइन कंपनीचं प्रो टूल्स आलं. ट्रॅक चार आणि किंमत सुमारे ६,००० डॉलर! ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे संकलनाची खोली. पण त्याच दशकाच्या अखेरीला अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ऑडॅसिटीचं काम सुरू केलं. २००० साली ते सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं, तेही मूळ कोडसकट. पॉल डेव्हिस यांचं आर्डोर हेही मुक्त सॉफ्टवेअर. २००६ साली रीपर आलं. साठ दिवस वापरून बघा, मग छोट्या वापरासाठी साठ डॉलर द्या, असा त्याचा सरळ व्यवहार. २०१७ पासून डाविंची रिझॉल्व्हमध्ये फेअरलाइट हा ध्वनिविभाग आला, आणि तो मोफत आवृत्तीतही मिळतो.

आता निवड कशी करायची? नुसतं निवेदन रेकॉर्ड करायचं असेल, किंवा एखादी ध्वनिफीत कापून साफ करायची असेल, तर ऑडॅसिटी पुरे. पण तिथे चित्र दिसत नाही. ओठांशी आवाज जुळवायचा म्हणजे चित्र समोर हवंच. फिल्मचं संकलन रिझॉल्व्हमध्ये करणार असाल तर तिथल्याच फेअरलाइटमध्ये आवाज करा, फाइलींची ने-आण वाचते. संगणक जुना, अशक्त असेल तर रीपर हलकं आहे. लिनक्स वापरत असाल तर आर्डोर.

काही जण म्हणतील, सर, महागडं सॉफ्टवेअर चोरून मिळतंच की! मिळतं. पण स्वतःच्या कलाकृतीला मालकी मागायची आणि दुसऱ्याची नाकारायची, हे तर्कात बसत नाही. शिवाय आता चोरीची गरजच उरलेली नाही. हाती थोडे पैसे असतील तर ते सॉफ्टवेअरवर घालू नका. एक बरा माइक, तो नटाच्या जवळ धरायला काठी आणि ती धरणारा एक शहाणा मित्र, यावर घाला. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. संवादांमधल्या फटी तीच भरते.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छायाचित्रं आहेत, आवाज गेला. तुमच्या फिल्मचंही तसं होऊ शकतं. सॉफ्टवेअरची प्रकल्प-फाइल दहा वर्षांनी उघडेल, याची हमी कुणी देत नाही. म्हणून मूळ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये ठेवा. एका माइकच्या आवाजाला मिनिटाला जेमतेम नऊ एमबी लागतात. संवाद, संगीत आणि परिणाम-ध्वनी यांच्या वेगवेगळ्या वेव्ह फाइली काढा आणि दोन ठिकाणी जपा. वेव्ह कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

बघा, साधन स्वस्त की महाग, हा प्रश्न एका वर्षापुरता असतो. ते साधन बंद पडल्यावर आवाज आपल्या हाती उरतो का, हे विचारून निवड करा.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.