फास, गळ आणि बंदूक

शिकारीचीं पुस्तकें म्हटलीं म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम वाघ उभा राहतो. वस्तुतः अशा पुस्तकांचा बराच मोठा भाग वाघानें नव्हे, तर सामानसुमानानें व्यापलेला असतो. बंदूक कोणत्या मापाची घ्यावी, काडतुसें ओलीं होऊं नयेत म्हणून कोणती खबरदारी घ्यावी, मचाण किती उंचीवर बांधावें, तंबू कोणत्या झाडाखालीं ठोकूं नये, क्विनीन किती बरोबर असावें, हे प्रश्न तेथें मोठ्या गांभीर्यानें चर्चिलेले असतात. साहसाच्या गोष्टींसाठीं पुस्तक हातीं घेणारा वाचक हीं पानें उलटून पुढें जातो. आमचें मत असें आहे कीं, इतिहासाच्या अभ्यासकानें नेमकीं हींच पानें सावकाश वाचावीं. पराक्रमाच्या वर्णनांत लेखक आपण कसे दिसावें याची काळजी घेतो. सामानाची यादी करतांना ती काळजी त्याला सुचत नाहीं. त्याच्याबरोबर किती माणसें होतीं, त्यांतील कोण पुढें चालत होता आणि वाट कोणास ठाऊक होती, हें त्या यादीवरूनच कळतें.

असा सल्ला लिहून ठेवण्याची चाल इंग्रजांनीं या देशांत आणली असें मात्र कोणीं समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. मराठी भाषेच्या अभ्यासकांस हा ग्रंथ त्यांत आढळणाऱ्या जुन्या मराठीच्या अवशेषांमुळें परिचित आहे. परंतु त्याच ग्रंथांत मृगयाविनोद आहे, श्येनविनोद आहे, शिकारी कुत्र्यांसंबंधीं सारमेयविनोद आहे, आणि गळानें मासे धरण्याच्या कलेवर मत्स्यविनोद या नांवाचें स्वतंत्र प्रकरणही आहे. समुद्रांतले मासे कोणते व नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणत्या माशास काय खाऊं घालून एका ठिकाणीं येण्याची संवय लावावी, दोरी कशी असावी आणि मासा लागल्यावर ती सैल केव्हां सोडावी व ताणावी केव्हां, असा सारा व्यवहार राजानें श्लोकबद्ध केला आहे. मत्स्यविद्येचे विख्यात पंडित डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणावर एक निबंध लिहिला, तेव्हां शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे गेलें. आम्हांस त्या प्रकरणांत एक प्रश्न नेहमीं दिसतो. राजानें हौसेनें गळ टाकला असेल. पण माशांची एवढी नांवें आणि एवढ्या खोडी कांहीं राजवाड्यांत शिकतां येत नाहींत. त्या कोणा धीवरानें सांगितल्या असल्या पाहिजेत, आणि त्या धीवराचें नांव ग्रंथांत नाहीं.

हाच प्रश्न आपल्या वऱ्हाडांत, विशेषतः वाशीमच्या बाजूस, अधिक तीव्रतेनें उभा राहतो. प्राचीन वत्सगुल्म म्हणून वाशीमचा लौकिक मोठा. वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करीत होती. परंतु येथें आम्हांस काम आहे तें एकोणिसाव्या शतकांतील वाशीमशीं. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे सोंपविला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च भागविण्यासाठीं. त्या फौजेची एक छावणी हिंगोलीस होती, आणि पैनगंगा ओलांडली कीं वाशीमचा मुलूख लागे. म्हणजे या भागांतील शेतकऱ्याच्या साऱ्यांतून ज्या अंमलदाराचा पगार निघे, तोच अंमलदार रजेच्या दिवसांत बंदूक घेऊन वऱ्हाडच्या माळांवर काळविटाच्या मागें येऊं शके. वाशीम त्या काळीं स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद यवतमाळास जोडण्यांत आला. पुढें १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हां जिल्हा झाला.

मुलूख शिकाऱ्याच्या दृष्टीनें मोठा सोईचा. काळी जमीन, मधून मधून गवताचे विस्तीर्ण माळ, ओढ्यांच्या कांठीं पळस-बाभळीचीं बनें, आणि अजिंठ्याच्या रांगेचे सखल फांटे. माळावर काळवीट, चिंकारा, तित्तर, लावे, तणमोर. डोंगरांत सांबर व बिबट्या. येथें येणाऱ्या साहेबाचा सरंजाम आज वाचला तर थोडें हंसूं येतें. रेल्वे अकोल्यापर्यंत, पुढें दमणी अथवा घोडें. मागून खाचरांत तंबू, खाट, टेबल-खुर्ची, भांडीं, खानसामा, पाणक्या. गांवोगांवच्या पाटलानें कोंबडीं, दूध व गवताचे भारे पुरवावयाचे, आणि हाक्यासाठीं माणसें द्यावयाचीं. या माणसांस मजुरी मिळे कीं नाहीं हें साहेबाच्या स्वभावावर अवलंबून असे. पुस्तकांत ‘मजुरी स्वतःच्या हातानें वांटावी, कारकुनाकडे देऊं नये’ अशा अर्थाचा उपदेश भेटतो, त्यावरून इतर वेळीं काय होत असेल याची कल्पना करावी.

बंदुकांची चर्चा तर न संपणारी. शतकाच्या मध्यापर्यंत ठासणीची बंदूक होती. एक बार झाल्यावर पुन्हां दारू, गोळी व बोळा ठासण्यास जो वेळ लागे, तेवढ्यांत जखमी जनावर अंगावर येई, म्हणून दुसरी भरलेली बंदूक घेऊन एक माणूस मागें उभा करीत. या माणसानें पळूं नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा! १८६० नंतर मागून काडतूस घालावयाच्या बंदुका आल्या. पुढें काळ्या दारूच्या ‘एक्स्प्रेस’ रायफली आल्या. आणि शतकाच्या अखेरीस धूर न करणाऱ्या कॉर्डाइट दारूनें सारा हिशेबच बदलला. धूर नाहींसा झाला म्हणजे नेम कोठें लागला तें तत्काळ दिसूं लागलें. या प्रत्येक पायरीवर वादविवाद झाले आणि ते छापले गेले. मुंबईस १८२८ सालींच ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’ निघालें होतें. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांतही शिकाऱ्यांचीं टिपणें भरपूर येत. या संस्थेच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय होते, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक नसते. हैदराबाद कंटिंजंटमध्यें नोकरी केलेल्या आर. जी. बर्टन या अधिकाऱ्याचें दख्खनच्या शिकारीवरील पुस्तक १९२८ सालीं प्रसिद्ध झालें. एकानें केलेली चूक दुसऱ्यानें करूं नये म्हणून हे लोक एकमेकांस मनापासून सांगत, आणि त्या सांगण्यांत खोटा अभिमान थोडा असे. एवढा गुण त्यांच्या पदरीं घातला पाहिजे.

परंतु या सर्व उपदेशांत एक वाक्य या ना त्या रूपानें येतेंच : प्रथम एक चांगला स्थानिक शिकारी गांठावा. बंदुकीचा कारखाना, तिचें माप, गोळीचें वजन सारें बारकाईनें दिलेलें असतें. हा ‘चांगला शिकारी’ मात्र बहुधा जातीच्या नांवानें अथवा नुसत्या एकेरी नांवानें येतो आणि जातो. वऱ्हाडांत तो पुष्कळदां पारधी असे.

रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांत पारध्यांचे जे पोटभेद दिले आहेत ते त्यांच्या साधनांवरूनच पडलेले आहेत, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. फास लावणारे ते फासेपारधी. माणसाळविलेल्या बैलाच्या आडून जनावराजवळ जाणारे ते गायके. चित्ता बाळगून त्याच्याकरवीं हरिण मारविणारे ते चित्तेवाले. जात्यांस टांकी लावणारे ते टाकणकर. यांपैकीं फासेपारध्यांचें सामान पाहावें. एक लांब दोरी. तिला थोड्या थोड्या अंतरावर तांतीचे अथवा कातड्याच्या वादीचे फास. प्रत्येक फासाजवळ एक खुंटी. सारें गुंडाळून एका खांद्यावर मावतें. कळप कोणत्या वाटेनें पाण्यावर अथवा चरावयास जातो हें आधीं पाहून ठेवावयाचें, त्या वाटेवर गवतांत फास उभे करावयाचे, आणि मग दोघां-तिघांनीं कळपाच्या मागें अंतर राखून उगाच रमतगमत चालावयाचें. आरडाओरड नाहीं, धांव नाहीं. कळप बुजला तर उधळतो. नुसता अस्वस्थ झाला तर आपल्या नेहमींच्या वाटेनें सरकतो. सगळी विद्या त्या ‘अस्वस्थ’ आणि ‘बुजलेला’ यांमधील फरकांत आहे.

तित्तराची तऱ्हा निराळी. पाळीव नर बांबूच्या पिंजऱ्यांत घालून माळावर ठेवावयाचा व भोंवतीं बारीक फासांचें कुंपण करावयाचें. तो ओरडला कीं रानांतला नर हद्दीचें भांडण करावयास येतो आणि फासांत पाय अडकवून घेतो. पाळलेला नर ओरडला नाहीं तर पारधी स्वतः ओरडतो, आणि रानांतल्या पक्ष्यास तो फरक कळत नाहीं. अकबराच्या शिकारखान्यांत काळविटाच्या शिंगांस जाळें बांधून त्याला रानांतल्या नरांशीं झुंजावयास सोडीत, असें अबुल फझलनें आईन-इ-अकबरींत लिहिलें आहे. त्यामागील कल्पना हीच. फरक एवढाच कीं, ती बादशहाच्या पदरीं असली म्हणजे इतिहासांत जाते.

पारध्यांस आम्ही येथें साधुत्व बहाल करूं इच्छीत नाहीं. गाभण मादी व पाडस फासांत आलें तर सोडून द्यावें असा आपला दंडक होता, असें त्यांच्यांतील वृद्ध सांगतात. तो सर्वांनीं सर्वकाळ पाळला असेल असें मानण्याचें कारण नाहीं, आणि बाजारांत तित्तरास गिऱ्हाईक असे तेंही खरें. परंतु फासांत एक गुण आहे जो बंदुकींत नाहीं : सांपडलेलें जनावर जिवंत असतें, आणि त्याचें काय करावयाचें हें ठरविण्यास अवकाश राहतो.

पाण्याची गोष्टही अशीच. पैनगंगेचे उन्हाळ्यांतले डोह, त्यांतील मरळ व वांब, भोयांचीं जाळीं, गळ, आणि गेळाचीं फळें ठेचून डोहांत टाकण्याची ती वाईट युक्ति, यांवर कोणी ग्रंथ लिहिला नाहीं. साहेबासाठीं मद्रासच्या मुलकी खात्यांतील एच. एस. टॉमस यानें १८७३ सालीं गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलें; महसीर माशाच्या जबड्यांत विलायती नाजूक गळ चुरडून जातो, तेव्हां गळ दणकट घ्यावा, हा उपदेश त्या काळच्या सर्व हौशी लोकांच्या तोंडीं असे. त्याच्याही आधीं कर्नल साइक्स यानें दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा करून १८३९ सालीं त्यांचीं शास्त्रीय वर्णनें प्रसिद्ध केलीं. एका महसीरास त्यानें ‘खुद्री’ हें नांव दिलें, आणि तें मराठी कोळ्यांच्या तोंडून ऐकलेलें होतें. जगांतील प्राणिशास्त्रज्ञ आजही तो मासा त्याच नांवानें ओळखतात. कोणा अनाम कोळ्याचा शब्द लॅटिनांत जाऊन बसला. असें भाग्य पारध्याच्या शब्दांस लाभलें नाहीं.

त्यांच्या वांट्यास निराळेंच आलें. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें बंदुकीस परवाना लागूं लागला. १८७१ सालीं उत्तरेंत सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ सालीं सर्व प्रांतांस लावण्याजोगा करण्यांत आला, आणि पारध्यांच्या टोळ्या ठिकठिकाणीं त्याच्या कक्षेंत आल्या. हजेरी, झडती, परवानगीवांचून गांव सोडण्याची बंदी. ज्याचा सारा धंदा भटकण्याचा, त्यास भटकणें हाच गुन्हा! एकाच माळावर एकाच काळविटामागें दोन माणसें जात. एकास ‘स्पोर्ट्समन’ म्हणत व दुसऱ्याचें नांव पोलिसांच्या वहींत लिहीत. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षीं चित्ता या देशांतून नाहींसा झाल्याचें सरकारनें जाहीर केलें, म्हणजे चित्तेवाल्यांचें नांव तेवढें उरलें. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटास पूर्ण संरक्षण मिळालें. हा कायदा आवश्यक होता याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पण काळवीट विरळ कशानें झाला हें विचारतांना केवळ फासाकडे बोट दाखविणें हा अन्याय आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळांत कापसाचे भाव कडाडले, पाठोपाठ रेल्वे आली, आणि वऱ्हाडांतील गवताचे माळ भराभर नांगराखालीं गेले. माळ गेला त्याबरोबर कळप गेला, आणि फास लावण्याची जागाही गेली. नांगरामागून मोटारींत बसून रात्रीं दिव्याच्या झोतांत गोळ्या घालणारे आले. त्यांना शिकारी म्हणण्यास जुना साहेबसुद्धां राजी झाला नसता.

वाशीम जिल्ह्यांत कारंजें व सोहोळ यांच्या आसपास सुमारे १८ चौरस किलोमीटरांचें काळवीट अभयारण्य २००० सालीं झालें. अकोला व वाशीम या जिल्ह्यांतील फासेपारध्यांच्या कांहीं वस्त्यांनीं अलीकडे गवताळ रानें राखण्याचें काम हातीं घेतलें आहे, आणि तणमोराच्या शोधासाठीं पक्षितज्ज्ञ त्यांचेंच साह्य घेतात. तणमोर एरवीं दिसत नाहीं. पावसाळ्यांत नर गवताच्या वर उडी घेतो, पंखांचा फडफडाट करतो आणि क्षणांत पुन्हां गवतांत नाहींसा होतो. दिवसांतून अशा शेंकडों उड्या तो घेतो. दुर्बीण लावून बसलेल्यास ती उडी दिसेल अथवा चुकेल. पारधी मात्र गवत कोणतें, तें किती वाढलें, भोंवतीं पीक काय आहे, एवढें पाहून अमुक पट्टींत बसा म्हणून सांगतो. आणि आतां हें सांगणें कागदावर उतरून घेतांना सांगणाऱ्याचें नांवही लिहिलें जाऊं लागलें आहे.