अश्वशक्ती (मोटारीच्या इंजिनाची)

मोटारीच्या इंजिनाची शक्ती सांगण्याचे जुने, पण अजूनही वापरातले एकक. शक्तीचे आंतरराष्ट्रीय एकक वॉट असले, तरी देशोदेशीच्या माहितीपत्रकांत एचपी, बीएचपी, पीएस, सीव्ही आणि किलोवॉट अशी निरनिराळी मापे आढळतात.

वाफेच्या इंजिनाची घोड्यांशी तुलना करता यावी म्हणून जेम्स वॉट यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे माप ठरवले. सेकंदाला ५५० पौंड वजन एक फूट उचलणारी शक्ती म्हणजे एक अश्वशक्ती (एचपी किंवा बीएचपी), सुमारे ७४६ वॉट. मेट्रिक मापे वापरणाऱ्या युरोपने सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलण्याचा हिशेब धरला, तो ७३५.५ वॉट भरतो. यालाच जर्मनी व जपानमध्ये पीएस म्हणतात, इटलीत सीव्ही. तफावत दीड टक्क्याच्याही आत, तरी मोठ्या आकड्यांत ती उठून दिसते. बुगाटी व्हेरॉनचे १००१ पीएस ब्रिटिश मापाने जेमतेम ९८७ बीएचपी होतात.

एककापेक्षा मोजण्याची पद्धत जास्त फसवते. अमेरिकेत पूर्वी पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर असे काही न जोडता नुसते इंजिन चालवून शक्ती मोजत. १९७२ पासून गाडीत बसवलेल्या स्थितीतल्या इंजिनाचा आकडा देण्याची पद्धत रुळली. कॅडिलॅक एल्डोराडोच्या ८.२ लिटर इंजिनाची जाहीर शक्ती त्यामुळे ३६५ वरून एकदम २३५ एचपीवर आली.

करआकारणीची अश्वशक्ती हा आणखी निराळा प्रकार. ब्रिटनमध्ये ती सिलिंडरचा व्यास आणि संख्या यांवरून काढत. पिस्टनच्या धावेची लांबी हिशेबात नव्हती. साहजिकच तिथल्या कारखान्यांनी अरुंद सिलिंडर आणि लांब धाव असलेली इंजिने बनवली. १९४८ साली आलेल्या फ्रान्सच्या सित्रोएन टू-सीव्हीच्या नावातले दोन घोडेही कराचेच. तिचे ३७५ सीसी इंजिन प्रत्यक्षात सुमारे नऊ अश्वशक्तीचे होते.

ऑस्ट्रेलियात किलोवॉट रूढ आहे. युरोपीय संघात कागदोपत्री तेच अधिकृत, पण जर्मन ग्राहक पीएसच विचारतो. भारतीय माहितीपत्रकांत बीएचपी, पीएस, किलोवॉट तिन्ही दिसतात. महाराष्ट्रात एचपी हा शब्द शेतीपंपामुळे घरोघरी माहीत आहे. दोन गाड्या ताडून पाहताना आकडे किलोवॉटमध्ये आणावेत: १०० किलोवॉट म्हणजे १३६ पीएस किंवा १३४ बीएचपी.