मैत्रिणींचे केळवण

मैत्रिणींचे केळवण : विवाह ठरलेल्या मुलीस तिच्या जिवलग मैत्रिणींनी लग्नापूर्वी स्वखर्चाने दिलेली मेजवानी आणि, अलीकडच्या वहिवाटीप्रमाणे, शनिवार-रविवार साधून तिच्यासह केलेली एका मुक्कामाची सहल. शहरांत हिला ‘बॅचलरेट’ असेही म्हणतात.

पूर्वपीठिका : केळवण किंवा गडगनेर हा मूळचा आप्तांचा अधिकार. साखरपुडा झाला की मामा, मावशी, आत्या यांनी मुलीस सहकुटुंब जेवावयास बोलवावे, पाटाभोवती रांगोळी घालून औक्षण करावे, पक्वान्न वाढावे आणि अहेर करावा, असा दस्तूर होता. बालविवाहाच्या काळी नवरीस सवंगडी असत. परंतु त्या सवंगड्यांच्या हाती पैसा नव्हता आणि प्रवासाची मुखत्यारी तर नव्हतीच. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ व १९७८ च्या दुरुस्तीने १८ वर्षे ठरविले. दरम्यान शाळा, महाविद्यालय आणि नोकरी यांनी मुलीस घराबाहेरचे, स्वतः निवडलेले गणगोत दिले आणि यजमानपणाचा मान त्या गणगोताकडेही आला. रात्र जागविणारी मंगळागौर आणि कार्तिकातील आवळीभोजन यांनी स्त्रियांच्या अशा एकत्र येण्यास पूर्वीच मान्यता दिली होती. त्यामुळे या प्रथेचे बाह्य रूप जरी पाश्चात्त्य असले, तरी तिचा आशय मराठी घरास अपरिचित नाही.

भिवंडी परिसर : भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. आगरी, कोळी, कुणबी, कोकणी मुसलमान, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली अशी येथील वस्ती आहे. आप्तांच्या केळवणाची पंगत बहुधा जातीच्या मर्यादेत बसे. मैत्रिणींची पंगत मात्र एका वर्गात किंवा एका कचेरीत जुळलेल्या स्नेहाची असल्याने तिला ती मर्यादा राहत नाही, आणि हेच या प्रथेचे सर्वांत मोलाचे सामाजिक लक्षण होय. हळद लागल्यावर नवरीने घर सोडू नये, असा संकेत असल्याने सहल त्यापूर्वीच उरकतात.

सहलीचे जवळचे ठिकाण म्हणजे भिवंडी तालुक्यातीलच वज्रेश्वरी. वाड्याच्या रस्त्याने अंबाडीपर्यंत जाऊन तेथून वळावे लागते. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांनी केलेल्या नवसातून उभे राहिलेले, किल्ल्यासारख्या तटाचे हे देवालय, तानसा नदीकाठची अकलोलीची उष्णोदकाची कुंडे आणि स्वामी नित्यानंदांचे गणेशपुरी, इतके सारे एका मुक्कामात पाहून होते. ज्यांना एकांत हवा, त्या नाशिक रस्त्यालगतचे एखादे शेतघर भाड्याने घेतात.

स्वरूप : घरच्यांची परवानगी मिळविण्याची कामगिरी बहुधा गटातील विवाहित मैत्रिणीकडे असते, कारण तिच्या शब्दास नवरीची आई जामीन मानते. खर्चाची वर्गणी समान असून नवरीस तीतून माफी असते. संध्याकाळी केळीच्या पानाभोवती झेंडूच्या पाकळ्यांची महिरप काढतात, समई लावतात, औक्षण करतात आणि नियोजित वराचे नाव उखाण्यात गुंफल्यावाचून पहिला घास घेऊ देत नाहीत. जेवणानंतर मेंदी आणि गाणी होतात. उत्तररात्री गप्पांचा ओघ सासर, नोकरी, पगार, माहेरची जबाबदारी अशा विषयांकडे वळतो, आणि वडीलधाऱ्यांसमोर ज्यांचा उच्चार होत नाही त्या शंका नवरी येथे निःसंकोच विचारते.

महत्त्व : विवाहाने मुलीचे नाते दोन कुटुंबांशी निश्चित होते, मैत्रीस मात्र कोणत्याही विधीत स्थान नव्हते. गाव बदलले, आडनाव बदलले, तरी हा स्नेह तिच्या स्वतःच्या मिळकतीसारखा तिच्याकडेच राहावा, अशी ग्वाही या केळवणाने दिली जाते. म्हणून चैनीच्या सदरात न टाकता त्याची गणना विवाहपूर्व संस्कारांतच करणे न्याय्य ठरेल.