ह्यू कमिंगचे शंख आणि उडालेल्या चिठ्ठ्या



लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्ये आपण पोरांना घेऊन जातो ते डायनोसॉर दाखवायला. तिथल्या शंख-शिंपल्यांच्या संग्रहामागे मात्र एक अवलिया आहे, त्याची ही गोष्ट.

ह्यू कमिंग १७९१ साली डेव्हनमध्ये जन्मला. पोरवयात शिडं शिवणाऱ्याकडे उमेदवारी केली, १८१९ मध्ये दक्षिण अमेरिकेत गेला आणि चिलीतल्या वाल्पराइसोला स्थिरावला. धंद्यात एवढं कमावलं की १८२६ मध्ये, पस्तिशीतच, काम बंद! (आपल्यातले किती जण हे स्वप्न बघत असतील?) मग शंख गोळा करायला 'डिस्कव्हरर' नावाची स्वतःची बोट बांधून घेतली. १८३६ ते १८४० तो फिलिपिन्समध्ये होता. स्पॅनिश उत्तम यायचं, त्यामुळे पाद्र्यांशी गट्टी जमली आणि त्यांच्या शाळांतली पोरं याच्यासाठी रानात गोगलगायी शोधत फिरू लागली.

१८६५ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश म्यूझियमने त्याचे सुमारे ८३,००० नमुने ६,००० पौंडांना विकत घेतले. कित्येक जातींना पहिल्यांदा नाव दिलं गेलं ते यातलेच शंख समोर ठेवून. म्हणजे वाद झालाच तर शेवटचा निवाडा इथे.

आणि इथेच घोळ झाला. असं सांगतात की संग्रहाचे ट्रे मोकळ्या अंगणातून खात्याचे प्रमुख ग्रे यांच्या खोलीकडे नेताना वारा सुटला आणि सुट्या चिठ्ठ्या भुर्रकन उडाल्या. ट्रे नेत होत्या मिसेस ग्रे, म्हणून खापर त्यांच्यावर. मला हे पटत नाही. बाई स्वतः जाणकार होत्या, मृदुकाय प्राण्यांची चित्रं काढून त्यांनी ग्रंथ केला होता. उलट खुद्द कमिंगच चांगला नमुना मिळाला की जुना बदलून टाकायचा, आणि ठिकाणांच्या बाबतीत त्याच्या नोंदी बऱ्याचदा ढिल्या असत. शंख कुठल्या किनाऱ्यावर, किती खोल पाण्यात मिळाला हे गेलं, की उरते शोभेची वस्तू. डेटा मायग्रेशनमध्ये एक कॉलम गळला की काय होतं ते मी भोगलंय. आकडे सगळे शाबूत, अर्थ गायब!

हे वाचलं आणि आजीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवला. आजोळ हर्णैचं. कवड्या, शंख, शिंपले. कुठला कुठे सापडला ते आजी न चुकता सांगायची. लिहून कोणीच ठेवलं नाही. ती गेल्यावर डबा माझ्याबरोबर लंडनला आला. परवा आईला फोनवर धरून बसलो, एकेक शंख हातात घेऊन वर्णन करत गेलो. एक्केचाळीसपैकी सातांवर गावाचं नाव लिहिता आलं.