रोमानी भाषेचे कुळ आणि वर्गीकरणाची कसोटी

गोव्यातील कोकणी बोलणारा मनुष्य ‘तो गेलो’, ‘तो मेलो’ असे म्हणतो. युरोपात शतकानुशतके भटकत राहिलेल्या रोमा लोकांच्या भाषेतही ‘गेलो’ म्हणजे ‘गेला’ आणि ‘मुलो’ म्हणजे ‘मेलेला’ असाच अर्थ आहे. रूप तेच, अर्थ तोच, आणि रोमानी ही मूळची भारतीय भाषा हेही निर्विवाद. तेव्हा या लोकांचे पूर्वज कोकण किनाऱ्यावरून गेले असावेत असा तर्क कोणासही सुचेल. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा तर्क टिकत नाही. तो का टिकत नाही हे पाहिले असता भाषांचे वर्गीकरण कोणत्या पुराव्यावर उभे राहते याचा उलगडा होतो.

रोमा लोक ईजिप्तमधून आले असा युरोपात दीर्घकाळ समज होता; ‘जिप्सी’ हे इंग्रजी नाव त्याच समजाचे अवशेष होय. या लोकांनी स्वतःचा लिखित इतिहास ठेवलेला नव्हता. १७८२ मध्ये र्‍यूडिगर या जर्मन पंडिताने एका रोमा स्त्रीकडून वाक्ये मिळवून ती तत्कालीन हिंदुस्तानी व्याकरणाशी ताडून पाहिली आणि ही भाषा भारतीय असल्याचे दाखविले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमासंबंधी कलकत्त्यास केलेले सुप्रसिद्ध व्याख्यान त्यानंतर चार वर्षांनी, १७८६ मध्ये झाले. पुढे पॉट यांनी १८४४-४५ मध्ये दोन खंडांत आणि मिक्लोशिच यांनी १८७२ ते १८८० या काळात बारा भागांत या भाषेचा सांगोपांग विचार केला. भारतीयत्व याप्रमाणे सिद्ध झाले. परंतु भारतातील कोणत्या प्रदेशाची भाषा, हा प्रश्न शिल्लक राहिला.

प्रथम ‘गेलो’चा विचार करू. रोमानीत संस्कृतातील दोन स्वरांमधील ‘त’ नियमाने ‘ल’ होतो. ‘शत’ याचे ‘शेल’, ‘भ्राता’ याचे ‘फ्रल’, ‘करति’ या प्राकृत वळणाच्या रूपाचे ‘केरेल’ होते. त्याच नियमाने ‘गत’ याचे ‘गेलो’ आणि ‘मृत’ याचे ‘मुलो’ झाले. मराठीत व कोकणीत हा नियम मुळीच नाही. तेथे असा ‘त’ लोप पावतो: ‘शत’ याचे ‘दोनशे’मधील ‘शे’ उरते, ‘भ्राता’ याचे ‘भाऊ’ होते. मराठी ‘गेला’, कोकणी ‘गेलो’ व बंगाली ‘गेल’ यांतील ‘ल’ हा ‘इल्ल’सारख्या प्राकृत प्रत्ययातून आलेला आहे. म्हणजे दोन भिन्न वाटांनी आलेले प्रवासी एकाच धर्मशाळेत भेटावेत, तसा हा प्रकार आहे. रूपसाम्य हा नात्याचा पुरावा नव्हे. ते साम्य ज्या ध्वनिनियमांतून निष्पन्न झाले, त्यांची एकता हाच पुरावा होय.

दुसरी कसोटी याहून सूक्ष्म आहे. रोमानीत ‘तीन’ला ‘त्रिन’, भावाला ‘फ्रल’, ओठाला ‘वुश्त’, लाकडाला ‘कश्त’ आणि हाताला ‘वस्त’ म्हणतात. मराठी, हिंदी व बंगाली या भाषांनी ‘त्र’, ‘भ्र’, ‘ष्ठ’, ‘स्त’ ही जोडाक्षरे केव्हाच सोडून दिली. वायव्येकडील भाषांत मात्र अशी जोडाक्षरे पुष्कळ टिकली, अशोकाच्या इ. स. पू. तिसऱ्या शतकातील शाहबाजगढी व मानसेहरा येथील लेखांतही र-युक्त जोडाक्षरे आणि श, ष, स हा भेद आढळतो. यावरून रोमानी ही वायव्येची भाषा ठरविण्याकडे अनेक विद्वानांचा कल होता.

सर राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या युक्तिवादाचे मर्मच हेरले. ‘त्र’ जतन करणे म्हणजे काही न करणे होय. एकाच आजोबांच्या दोन नातवंडांनी जुने दागिने तसेच ठेवले, एवढ्यावरून ती सख्खी भावंडे ठरत नाहीत. चुलत भावंडांनाही ते शक्य आहे. दोन भाषांनी मिळून काही नवे केले असेल, तरच त्या एकत्र नांदल्या असे अनुमान करता येते. सामायिक अवशेष नाते सिद्ध करीत नाहीत. ते सामायिक नवनिर्मितीने सिद्ध होते.

ही कसोटी लावताच चित्र पालटते. संस्कृत ‘क्ष’ घेऊ. ‘अक्षि’ याचे रोमानीत ‘याख’, हिंदीत ‘आँख’, परंतु काश्मिरीत ‘अछ’ झाले. ‘मक्षिका’ याचे रोमानीत ‘माख’, हिंदीत ‘मक्खी’. मराठीत मात्र ‘च्छ’ या पायरीवरून ‘माशी’ झाले. इक्षु–ऊस, कुक्षि–कूस ही त्याच मराठी प्रवृत्तीची उदाहरणे होत. मराठीत ‘राखणे’सारखे शब्दही आहेत, म्हणून केवळ या एका लक्षणावर तिचे स्थान ठरविणे युक्त नव्हे. परंतु रोमानी व हिंदी यांची संगती अपवादातही दिसते: ‘क्षुरिका’ याचे दोहोंतही ‘छुरी’ झाले, तर मराठीत ‘सुरी’. तसेच ‘अस्मे’ या वैदिक रूपाचे रोमानीत ‘आमेन’, हिंदीत ‘हम’, मराठीत ‘आम्ही’ झाले. वायव्येकडील पंजाबीत ‘असीं’ असे ‘स’युक्त रूप राहिले. अर्थात रोमानीची आरंभीची नवनिर्मिती मध्यदेशाची आहे.

मग वायव्येशी संबंध मुळीच नाही काय? आहे, परंतु तो नंतरचा. ‘दंत’ याचे ‘दंद’ व ‘पंच’ याचे ‘पंज’ हा अनुनासिकापुढील बदल पंजाबीप्रमाणे रोमानीतही आढळतो. टर्नर यांचा निष्कर्ष असा, की हा समाज मूळचा मध्यदेशातला. जोडाक्षरे मोडण्यापूर्वीच, म्हणजे अशोककाळाच्याही आधी, तो तेथून निघाला आणि पुढे दीर्घकाळ वायव्येत राहिला. या कालनिर्णयाविषयी मतभेद आहेत. विशेषतः रोमानीने नपुंसकलिंग गमावले, ही गोष्ट काही अभ्यासकांना तिचे भारतातील वास्तव्य इ. स. १००० च्या सुमारापर्यंत लांबविण्यास पुरेशी वाटते. मराठीने ते लिंग राखले आहे. पण वर सांगितलेल्या न्यायाने, जे राखले त्यावरून नात्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

भारत सोडल्यानंतरची वाट उसन्या शब्दांनी दाखविली. एक ते सहा, दहा, वीस व शंभर ही रोमानी संख्यानामे भारतीय आहेत; सात, आठ, नऊ यांसाठी ‘एफ्ता’, ‘ओख्तो’, ‘एन्या’ हे शब्द ग्रीक आहेत. रस्त्याचा ‘द्रोम’ ग्रीक. भट्टीचा ‘बोव’ व कपाळाचा ‘चेकत’ आर्मेनियन. शिवाय इराणी शब्दांचाही एक थर आहे. उसने शब्द कुळ सांगत नाहीत, सहवास सांगतात. कुळ व सहवास यांची गल्लत झाली, तर रोमानी ग्रीक कुळातील ठरेल आणि फारसी शब्दांच्या भरण्यामुळे मराठीही इराणी ठरेल.

या सर्व विवेचनास एक गंभीर बाजू आहे. भाषेचे कुळ म्हणजे रक्ताचे कुळ नव्हे, असा इशारा माक्स म्यूलर यांनी १८८८ मध्ये दिला होता. तो दुर्लक्षिला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने ‘आर्य’ हे भाषाशास्त्रीय नाव वंशाला चिकटविले आणि त्याच नावाने लाखो रोमांची हत्या केली. वस्तुतः त्या हतभाग्यांपैकी पुष्कळांच्या घरांत जी भाषा बोलली जात होती ती, शास्त्राच्या काटेकोर अर्थाने, आर्य भाषा होती. वर्गीकरणाच्या संज्ञा त्यांच्या मर्यादेबाहेर नेल्या असता काय घडते याचे याहून दारुण उदाहरण नाही.

भाषेच्या वंशवृक्षावरून एवढेच सांगता येते, की अमुक नियम अमुक भाषांनी एकत्र असताना स्वीकारले आणि अमुक नियम वेगळ्या झाल्यावर. बोलणाऱ्यांचा वर्ण, वंश वा योग्यता यांविषयी तो वृक्ष मूक आहे. पण ज्या लोकांजवळ ना बखर होती ना ताम्रपट, त्यांच्या प्रवासाची हकीकत त्यांच्याच तोंडच्या ‘याख’, ‘दंद’ आणि ‘द्रोम’ या शब्दांतून मिळू शकली, हे या शास्त्राचे थोडेथोडके यश नव्हे. ‘गेलो’सारख्या मोहक साम्यापाशी न थांबता त्यामागील नियमाचा शोध घेतला, म्हणूनच ते साध्य झाले.