सही कोणाची?

वाचकहो, काही गोष्टी मोठ्याने बोलायच्या नाहीत, असा आपल्याकडे दंडक आहे. नांदेड-लातूरकडे बाईला दिवस गेले की गावभर होते. पण तिने पोट पाडले, तर ते चुलीपाशी बसून कुजबुजत सांगायचे. आणि नवरा मारतो, हे तर सांगायचेच नाही. शेजारणीला ते रोज ऐकू येते, पण तिने ते ऐकलेले नसते. आज या दोन्ही गोष्टी एकत्र घेऊन बोलायचे आहे, कारण कायद्याच्या इतिहासात त्या एकमेकींत गुंतल्या आहेत. गर्भपातावरच्या बंधनाचा काच सर्वच बायकांना बसतो. पण घरात मार खाणाऱ्या बाईला तो अधिक बसतो. तो कसा, हे क्रमाने पाहू.

आरंभ १८६० पासून करावा लागेल. त्या साली इंग्रज सरकारने भारतीय दंडसंहिता केली आणि तिच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात गुन्हा ठरवला. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात, एवढाच अपवाद. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गर्भाची हालचाल जाणवू लागल्यावर सात वर्षांपर्यंत. करणारा तर गुन्हेगार होताच, पण स्वतःच्या पोटावर उपाय करणारी बाईही गुन्हेगार. ज्याच्यामुळे तिच्यावर ही वेळ आली, त्या पुरुषाचा मात्र कलमात उल्लेखही नाही.

त्या काळी याचा सर्वांत मोठा जाच विधवांना झाला. घरातल्याच पुरुषाने हात टाकावा आणि पोट दिसू लागले की तोंड काळे झाले ते बाईचे! जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, ते यासाठीच. विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, अशी ती सोय होती. पुढे १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला आपले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा दिली. ती अपिलात कमी झाली; पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नावाने बोटे मोडली गेली. त्याला उत्तर दिले आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८२ सालच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात त्यांनी पुरुषांनाच जाब विचारला. हा खटला आणि हे पुस्तक आपल्या विषयाच्या उंबरठ्यावर उभे आहे. शिक्षा बाईला आणि अंगावर हात टाकणारा मोकळा, ही गाठ तेव्हापासूनची आहे.

आपला मुलूख त्या वेळी निजामाच्या अमलात होता. हैदराबाद संस्थानाचे कायदे निराळे. नांदेड हा त्यातला एक जिल्हा, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. लातूर जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि १ एप्रिल १९५१ पासून येथे भारतीय दंडसंहिता लागू झाली. म्हणजे राज्य बदलले, पण स्वातंत्र्याबरोबर मराठवाड्यातल्या बाईच्या वाट्याला आले ते इंग्रजांनी केलेले ३१२ वे कलम!

कायदा असला म्हणून पोट पाडणे थांबले का? मुळीच नाही. ते अंधारात गेले. जडीबुटी, काड्या, अडाणी हात! म्हणून केंद्र सरकारने १९६४ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीने १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला. देशात दरसाल सुमारे ३९ लाख गर्भपात करवले जात असावेत, असा तिचा अंदाज होता. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. ज्या वर्षी दुष्काळाने मराठवाड्यातली माणसे खडी फोडायला रस्त्यावर आली, त्याच १९७२ सालच्या १ एप्रिलला तो अमलात आला.

या कायद्यातल्या दोन गोष्टी आपण नीट ध्यानात घ्या. पहिली, संमती. बाई अठरा वर्षांच्या पुढची आणि मनाने धड असेल तर फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, भावाचीही नाही. दुसरी गोष्ट अशी, की बाईच्या तब्येतीला धोका आहे की नाही हे ठरवताना ती कोणत्या परिस्थितीत राहते आणि पुढे राहणार आहे, याचा विचार डॉक्टरला करता येतो. मारहाण हा शब्द कायद्यात नाही. पण मारहाणीचे घर ही परिस्थिती नव्हे तर दुसरे काय?

आपण म्हणाल, मग अडले कोठे? अडले ते असे. या कायद्याने निर्णय बाईच्या हाती दिला नाही, परवानगी डॉक्टरच्या हाती दिली. जुने कलम मागे उभेच राहिले. आज भारतीय न्याय संहितेत तेच ८८ वे कलम आहे. मागे पोलीस उभा असला की डॉक्टरही बिचकतो. आपल्या बचावासाठी तो कागद वाढवतो आणि त्यातला पहिला कागद म्हणजे नवऱ्याची सही. कायदा ती मागत नाही, दवाखाना मागतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ च्या निकालात या जादा अटींची दखल घेतली.

आता कंधार किंवा जळकोट तालुक्यातली कुणीही एक बाई डोळ्यांसमोर आणा. उचल घेऊन नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. नवराबायको मिळून एक कोयता. ती दोन दिवस नसली तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. नवरा मारतो. नको असताना पोट राहिले आहे. तिला दोन गोष्टी हव्यात : गुप्तता आणि वेळ. दवाखान्याने ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हटले की गुप्तता गेली. घरी परतून ती काय सांगणार? आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटले की वेळ गेला, कारण पुढच्या आठवड्यात ती कुठल्या फडात असेल ते मुकादमाला ठाऊक. असे करता करता महिने सरतात आणि कायद्याची मुदत संपते. जिने मारापासून सुटायला हात पुढे केला, तिचा हात दवाखानाच पुन्हा मारणाऱ्याच्या हाती देतो. बंधनाचा परिणाम म्हणतात तो हा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कित्येक घरांत बाईला मूल हवे असते आणि मुलगी आहे म्हणून सासरचेच तिला पोट पाडायला लावतात. तीही हिंसाच. बाईच्या मर्जीविरुद्ध गर्भपात करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशाचा १९९४ साली झाला. त्याचा रोख लिंगतपासणीवर आहे, गर्भपातावर नाही. परंतु २०१२ साली लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात परळीचे प्रकरण उघडकीस आले. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या, औषध दुकानांतल्या गोळ्यांवर नजर आली आणि दोन निराळ्या गोष्टींची लोकांच्या मनात गल्लत झाली. सासरचे घेऊन आले तर दार मागून उघडायचे आणि बाई एकटी आली तर पुढूनही बंद, असे जेथे होते तेथे दोन्ही कायदे हरले म्हणायचे.

मुदतीबाबत अलीकडे काही बरे घडले आहे. २४ सप्टेंबर २०२१ पासून २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा काडीमोड झालेल्या, अशा काही बायकांना २४ आठवड्यांची मुभा मिळाली. गुप्तता मोडणाऱ्याला शिक्षाही ठरली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. नवऱ्याने केलेली जबरदस्तीही, या कायद्यापुरती, बलात्कारच समजावी, असे न्यायालयाने सांगितले. त्यासाठी नवऱ्यावर फिर्याद करण्याची गरज नाही. एरवीच्या फौजदारी कायद्यात सज्ञान बायकोवरची जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. म्हणून या वाक्याचे मोल मोठे.

याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांचा गर्भपाताचा हक्क काढून घेतला होता. त्याच देशात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे एक हजार बायकांची पाच वर्षे विचारपूस केली होती. ज्यांना गर्भपात मिळाला, त्यांना त्या पुरुषाकडून होणारी मारहाण पुढे कमी झाली. ज्यांना मुदतीच्या कारणाने परत पाठवले, त्यांची तशी कमी झाली नाही. मुलामुळे त्या त्याच पुरुषाशी बांधल्या गेल्या. देश निराळा, भाषा निराळी, पण ही गाठ आपल्या ओळखीची आहे.

वाचकहो, हे सगळे माहीत करून घेऊन आपण काय करायचे? कुणी बायको-सुनेला मारत असेल तर २००५ च्या कायद्याने तिला संरक्षण मागता येते. १८१ या क्रमांकावर मदत मिळते. आणि पाटलीण असो की मजुरीण, तिला एक वाक्य पाठ करून द्या : ‘मी सज्ञान आहे, माझी सही पुरते.’ लिहिता येत नसेल तर अंगठा पुरतो. दवाखान्यात खिडकीशी बसणाऱ्याने, औषधे देणाऱ्या ताईने, गावातल्या आशाताईनेही हे वाक्य ओळखावे. १९७१ साली कायद्याने जे दिले, ते केसपेपरच्या खिडकीत काढून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही.